बिस्किटाच्या पुड्यातून अजगर, कुंडीतून साप

पेणचा गणपती अमेरिकेला जातो, हे पेणकराला सांगायला नको. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतल्या मूर्ती भाद्रपदाच्या कितीतरी आधी कंटेनरात बसून समुद्रापार निघतात. अमेरिकेचे कासव पेणला येऊ शकते, हे मात्र सांगावे लागते. मिसिसिपीच्या खोऱ्यातले कासव, मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंत झाडांवर नांदणारा हिरवा इग्वाना, घाना-बेनिनकडचा बुटका अजगर यांतले काहीही उद्या भोगावतीच्या काठावर, नागोठण्याच्या अंबा नदीत किंवा कोलाडच्या एखाद्या फार्महाऊसच्या कुंपणावर ऊन खात बसलेले दिसू शकते. आणि ‘हा इथे आला कसा?’ या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमी एकच असते. कोणाच्या तरी सामानातून.

तसे प्रवासाचे वावडे या भागाला कधीच नव्हते. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे गेले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. पण ते स्वतःच्या पायांनी गेले होते. सरपटणाऱ्यांचे जग-पर्यटन बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पिशवीतून होते. ते कसे, याचे हे काही नमुने.

आधी घरचे कोण ते ओळखा

परदेशी पाहुणा म्हणून फोन येतो, तेव्हा समोर निघतो तो बऱ्याचदा आपलाच कोणीतरी. ‘मगरीचे पिल्लू’ म्हणजे घोरपड. ‘ॲनाकोंडा’ म्हणजे भातशेतीत उंदरांच्या मागावर आलेला आपला अजगर. ‘ॲमेझॉनचा हिरवा साप’ म्हणजे कोकणातल्या झाडीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारा हरणटोळ किंवा चापडा. मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी ॲमेझॉनचे प्राणी ओळखीचे केले आणि परसातले अनोळखी, असा हा उफराटा न्याय आहे.

खरी मगर दिसली तरी ती परदेशी नव्हे. महाडच्या सावित्रीत मगरी आहेत आणि त्यांचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. २०२४ मध्ये चिपळूणच्या रस्त्यावर भर पावसात चालत गेलेली मगर साऱ्या देशाने मोबाईलवर पाहिली. ती रस्ता चुकली होती, देश नव्हे.

उलटी गफलत जास्त महाग पडते. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन हा अजगरांतला बुटका. लांबी साधारण एक ते दीड मीटर, अंगाने जाड, तपकिरी रंगावर मोठे फिकट डाग. आता कोकणातल्या माणसाला जाड, तपकिरी, डागांचा साप दिसला की पहिली आठवण कोणाची होणार? घोणसची. म्हणजे बिनविषारी पाहुण्याचा जीव गेलाच. आणि याच्या अगदी उलटही घडते. घोणसला अजगराचे पिल्लू समजून हात घालणारे महाभाग असतात, आणि ती चूक दवाखान्यापर्यंत नेते.

फरक असा. घोणसच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी असतात आणि डिवचल्यावर ती कुकरच्या शिटीसारखा फुत्कार टाकते. बॉल पायथन चिडत नाही, लाजतो. डोके मधे घेऊन अंगाचा घट्ट चेंडू करतो आणि संकट टळेपर्यंत तसाच बसून राहतो. मात्र फोटो दुरून काढावा, ओळख जाणकाराकडून पटवावी. ठिपके मोजायला जवळ जाऊ नये.

लाल कानाचे, दीर्घायुषी

परदेशी सरपटणाऱ्यांपैकी कोकणातल्या तळ्यात भेटण्याची सर्वांत जास्त शक्यता कोणाची असेल, तर रेड-इअर्ड स्लायडर या कासवाची. डोळ्यामागे लाल पट्टा, मानेवर पिवळ्या रेघा, हिरवट पाठ. अंड्यातून निघते तेव्हा जेमतेम तीन सेंटिमीटरचे. काचेच्या पेटीत टाकले की लहान मुले हरखतात, आणि वास्तुशास्त्राच्या नावाने घेणारे मोठेही हरखतात. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, घरात जिवंत असले तर बिघडले कुठे, असा हिशेब.

बिघडते ते पुढे. कासव वाढते. मादी तीस सेंटिमीटरपर्यंत जाते. पाणी रोज घाण होते, वास येतो. आयुष्य वीस-तीस वर्षांचे. तोवर मुलगा बारावीला जातो, बदली होते, घर बदलते. मग एका संध्याकाळी कासव पिशवीत घालून देवळाच्या तळ्यावर नेले जाते. पुण्यही मिळते, पेटीही रिकामी होते. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात ही कासवे सापडली, केरळात त्रिशूरच्या कालव्यातही निघाली. तिथे केरळच्या वनसंशोधन संस्थेने लोकांकडून ती गोळा करण्याचे काम हाती घेतले. मुंबई-पुण्यातल्या तळ्यांतही ती दिसली आहेत. शहरातले पाळीव कासव शनिवार-रविवारच्या गाडीतून कोकणात यायला तीन तास पुरतात.

गंमत अशी की या कासवाची बाजारपेठ कायद्यानेच वाढवली. भारतातली बहुतेक सगळी देशी कासवे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ती घरात ठेवणे गुन्हा. परदेशी कासव या कायद्याच्या बाहेर राहिले, मग दुकानदारांनी तेच पुढे केले. खुद्द अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान पाठीची कासवे पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. कारण साल्मोनेला. चिमुकली कासवे मुले तोंडात घालत, मग जुलाब आणि ताप. युरोपीय संघाने १९९७ मध्ये या कासवाची आयातच थांबवली. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी घुसखोर जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. दोष अर्थात त्याचा नाही. ऊन खायला चांगला दगड पकडणे आणि मिळेल ते खाणे, एवढाच त्याचा गुन्हा. पण तो दगड आणि ते खाणे आपल्या देशी कासवाच्या वाट्याचे असते.

या कासवाचे नर-मादी ठरतात ते मातीच्या उबेवर. अंडी साधारण एकोणतीस अंशांच्या आसपास उबली तर दोन्ही निघतात, त्याहून थंडीत नर, त्याहून उबेत माद्या. कोकणातला वैशाख डोळ्यासमोर आणा आणि पुढचा अंदाज तुम्हीच करा. नराच्या पुढच्या पायांची नखे भलतीच लांब असतात. ती शोभेची नव्हेत. मादीसमोर पोहत येऊन तिच्या तोंडाजवळ ती नखे थरथरवणे, हे त्याचे प्रेमपत्र.

आपले देशी कासव ओळखायचे तर उलटे करून बघण्याची गरज नाही. पाठ मऊ कातडीची, आणि मागचे पाय आत घेतले की कातडी झडपा बंद होतात, असे असेल तर ते घरचे. त्याला पुन्हा पाण्यात जाऊ द्या. लाल पट्टा दिसला तर थांबा.

कोलाडला मे महिन्यात पाणी कुठून येते?

कोकणातल्या बहुतेक नद्या मे महिन्यात दगडगोटे मोजत पडलेल्या असतात. कुंडलिका याला अपवाद. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्री फोडून भिऱ्याला उतरते, तिथे १९२७ पासून वीज तयार करते आणि मग कुंडलिकेत येते. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाच्या पाण्यावर आज कोलाडला रबरी होड्यांतून पर्यटक आरोळ्या ठोकतात. होड्यांचे वेळापत्रक भिऱ्याच्या पाण्यावर चालते.

सरपटणाऱ्यांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की रोहा तालुक्यात बारमाही ओला, दाट झाडीचा एक पट्टा आहे. सोडून दिलेला परदेशी प्राणी उन्हाळ्यात आपोआप मरेल, हा आधार इथे चालत नाही. स्लायडरला धारेचे पाणी आवडत नाही, पण काठचे डोह आणि शेततळी आवडतात. इग्वानाला तर हा पट्टा माहेरच वाटावा. उबदार दमट हवा, पाण्यावर झुकलेल्या फांद्या, आणि घरोघरी जास्वंद. इग्वाना शाकाहारी आहे आणि जास्वंदीच्या फुलांवर त्याचा विशेष जीव असतो. पूजेची फुले पहाटे गायब होऊ लागली तर संशय शेजारणीवरच घ्या, पण एकदा वरच्या फांदीकडेही बघा.

तीन डोळ्यांचा हिरवा

इग्वानाबद्दल एक गोष्ट सर्पमित्रांनी तरी लक्षात ठेवावी. त्याला तिसरा डोळा असतो. डोक्याच्या माथ्यावर फिकट खवल्यासारखा दिसतो. त्याने चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली कळते. वरून ससाणा आला की सावली पडते आणि इग्वाना पाण्यात उडी टाकतो. म्हणून वरून वाकून, अंगावर सावली पाडत त्याला पकडायला गेलात तर तो गेलाच. शेपूट पकडली तर शेपूट हातात राहते, बाकीचा पळतो. आणि सोडली तर तीच शेपूट चाबकासारखी बसते. मोठा नर शेपटीसह दीड मीटरच्या पुढे जातो, तेव्हा हा चाबूक लहान नसतो.

त्याच्या नाकाभोवती पांढरी पूड दिसली तर आजारी समजून घाबरू नका. शरीरातले जादा मीठ तो शिंकून बाहेर टाकतो.

इग्वाना थंडीने गोठतो, लगेच मरत नाही. फ्लोरिडात सोडून दिलेल्या इग्वानांची आता मोठी वस्ती झाली आहे. पारा घसरला की झाडावर झोपलेले इग्वाना ताठरून पटापट खाली पडतात, ऊन चढले की उठून चालू लागतात. २०२० च्या जानेवारीत मायामीच्या हवामान खात्याने लोकांना चक्क तसा इशारा दिला होता, इग्वाना पडण्याची शक्यता आहे म्हणून. मेलेले समजून गाडीत घातलेले इग्वाना गाडीच्या उबेत जागे झाल्याच्या कथा तिथे भरपूर. रोह्यात पारा तेवढा उतरत नाही, तेव्हा आपल्याकडे आकाशातून इग्वाना पडायचे नाहीत. गारठ्याचा तेवढा एक अंकुशही आपल्याकडे नाही, हे त्याचे दुसरे टोक.

आणि सामानाशिवाय प्रवास करून दाखवला असेल तर तोही इग्वानानेच. १९९५ मध्ये लुईस आणि मेरिलिन ही दोन चक्रीवादळे कॅरिबियन बेटांवरून गेली. त्यानंतर अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला उन्मळलेल्या झाडांचा एक मोठा तराफा लागला. त्यावर किमान पंधरा हिरवे इग्वाना बसले होते. बहुधा ग्वादेलूपहून, सुमारे तीनशे किलोमीटर. त्या बेटावर हा इग्वाना पूर्वी नव्हता. प्राणी बेटांवर कसे पोचतात यावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे नुसता वाद घालत होते. इथे कोळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले.

सामानाविना आलेली आणखी एक पाहुणी आपल्याच कोकणात उतरली. २७ जानेवारी २०२५ रोजी गुहागरच्या वाळूत एक ऑलिव्ह रिडले मादी अंडी घालायला आली. तिच्या अंगावर ०३२३३ क्रमांकाची खूणपट्टी होती. ही पट्टी तिला २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावली होती. पूर्व किनाऱ्याचे कासव पश्चिम किनाऱ्यावर, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा फेरा मारून. तिला वाचवण्याची गरज नव्हती. अंडी घातली आणि निघून गेली.

पुड्यातले, पेटीतले

बाकी सगळे सामानातून. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या बॅगेत बिस्किटांचे आणि केकचे पुडे निघाले. महसूल गुप्तचरांनी पुडे फोडले तर आत नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्याच हवाई मालवाहतूक केंद्रात मलेशियाहून शोभेचे मासे म्हणून एक माल आला होता. आत ६६५ प्राणी होते. कासवे, अजगर, सरडे, इग्वाना. त्यातले ११७ मेलेले. या धंद्याचा हिशेब यातच आला. निम्मे मेले तरी उरलेल्यांवर नफा सुटतो.

सर्वांत विचित्र सामान २०२५ च्या मे-जूनच्या सुमारास आले. थायलंडहून आलेल्या प्रवाशाकडे डझनावारी इंडोनेशियन विषारी साप होते आणि त्यांतच तीन कोळीशेपट्या शिंगवाले साप. हा साप मूळचा इराणच्या पश्चिम डोंगरांतला. शेपटीच्या टोकाला फुगीर गाठ, भोवती पायांसारखे लांब खवले. साप दगडात दगड होऊन पडतो आणि फक्त शेपूट हलवतो. वरून पाहणाऱ्या पक्ष्याला गुबगुबीत कोळी चालताना दिसतो. पक्षी खाली झेपावतो, पुढचे सांगायला नको.

इथे हसणे थांबवावे. आपल्याकडचे सर्पदंशावरचे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते. इंडोनेशियाच्या किंवा इराणच्या सापाने इथे कोणाला डसले तर ते औषध त्याच्यासाठी बनलेलेच नाही. महाडमध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरच्या उपचारात आयुष्य घातले म्हणून रायगडात कित्येक जीव वाचले. पण त्यांच्यासमोरचा विंचू निदान इथलाच, ओळखीचा होता.

म्हणून नवखा साप दिसला तर बिनविषारीच असेल असे धरून चालू नका. पाळणारे बहुतेक बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेकच पाळतात हे खरे. पण ज्याच्या घरातून तो निसटला त्याची आवड आपल्याला कशी कळणार?

कुंडीतली एकटी बाई

आता जरा आपली बाजू. जगात सर्वांत दूरवर पोचलेला साप कोणता? नाग नव्हे, अजगर नव्हे. वाळा. पावसाळ्यात अंगणात गांडुळासारखा वळवळणारा, पंधरा-वीस सेंटिमीटरचा, काळपट, आंधळ्यासारखा दिसणारा. कित्येक जण त्याला गांडूळ समजूनच झाडूने बाहेर काढतात. मूळचा आपल्याच दक्षिण आशियातला. मुंग्या-वाळवीची अंडी खातो, कुणाला काही करत नाही.

याने अंटार्क्टिका सोडून सगळी खंडे गाठली, तीही कुंड्यांतल्या मातीतून. फ्लोरिडा, हवाई, कॅरिबियन, प्रशांत महासागरातली बेटे. ज्या देशात शोभेची झाडे गेली, तिथे तो गेला. एवढी घोडदौड कशी जमली? कारण या जातीत नरच नाहीत. सगळ्या माद्या. नराविना अंडी घालतात, त्यातून पुन्हा माद्याच. एका कुंडीत एकच वाळा गेला तरी नवे राज्य सुरू करायला तो, म्हणजे ती, पुरते. पाहुण्या कासवाला नावे ठेवताना एवढे लक्षात असू द्यावे.

आपला बागेतला सरडाही काही कमी नाही. तो आता सिंगापूर, ओमान, रियुनियन आणि फ्लोरिडात नांदतो. फ्लोरिडा म्हणजे सरपटणाऱ्यांचे गोकुळच झाले आहे. तिथली सर्वांत मोठी डोकेदुखीही आपल्या बाजूचीच आहे. बर्मी अजगर. आपल्या ईशान्येतही राहणारा. हौसेने पाळलेले, पुढे सांभाळेनासे झाल्यावर दलदलीत सोडलेले, त्यात १९९२ च्या ॲण्ड्र्यू वादळाने एका प्रजनन केंद्राची भर घातली असे सांगतात. ससे, रॅकून, हरणे सगळे त्याच्या पोटात जाऊ लागले. ड्रोन, रेडिओ पट्टे, कुत्रे, बक्षिसे सगळे करून झाले. शेवटी २०१७ मध्ये तमिळनाडूतून इरुळा या साप पकडणाऱ्या जमातीतल्या दोघांना बोलावले. मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल. हातात लोखंडी सळ्या आणि डोक्यात पिढ्यांची विद्या. त्यांनी मागाची चिन्हे वाचत पहिल्या काही दिवसांतच तेरा अजगर पकडले. त्यात की लार्गो बेटावरच्या जुन्या क्षेपणास्त्र तळाच्या पडक्यातली सोळा फुटी मादीही होती. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. आपला अजगर अमेरिकेत उपद्व्याप करतो आणि त्याला पकडायला आपलीच माणसे बोलवावी लागतात, याची बातमी आपल्याकडे मात्र दोन दिवस टिकली.

उंदराला पॅरासिटामॉल

सामानातून आलेला एक साप काय करू शकतो, हे ग्वाम बेटाला विचारावे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालातून तपकिरी वृक्षसर्प तिथे आला. ग्वामच्या पक्ष्यांना साप माहीतच नव्हता. बारा देशी रानपक्ष्यांपैकी दहा जाती तिथून नाहीशा झाल्या. विजेच्या तारांवर चढून या सापाने बेटाचे दिवेही कितीदा घालवले. उपाय काय काढला? या सापाला पॅरासिटामॉल मानवत नाही, ऐंशी मिलिग्रॅममध्ये मरतो. म्हणून २०१३ मध्ये सुमारे दोन हजार मेलेले उंदीर, पोटात गोळी घालून, कागदी पट्ट्यांच्या छोट्या पॅराशूटना बांधून हेलिकॉप्टरमधून जंगलावर टाकले. पट्ट्या फांद्यांत अडकाव्यात आणि उंदीर झाडावरच लोंबावेत, म्हणून हा खटाटोप. हे विनोदी वाटते खरे, पण पक्षी परत आलेले नाहीत.

पेणच्या शेजारी, उरण तालुक्यात न्हावाशेवा आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांतले एक. साऱ्या जगाचा माल तिथे उतरतो आणि त्यातला काही पेणवरून पुढे जातो. एवढेच सांगून पुढे जाऊ.

पकडला, आता पुढे काय?

महाराष्ट्रात सर्पमित्र गावोगावी आहेत. या हौसेला चळवळीचे रूप आले त्यात पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांचा वाटा मोठा. १९८० मध्ये बहात्तर विषारी सापांसोबत ते काचेच्या खोलीत बहात्तर तास राहिले आणि पुढे कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. साप दिसला की मारू नये, बोलवावे, हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पेण-रोह्यातही धामण, नाग, घोणस पकडून जवळच्या रानात सोडण्याचे काम नेमाने चालते.

अडचण या सवयीतच आहे. देशी सापाला जवळच्या रानात सोडणे बरोबर, परदेशी पाहुण्याला तेच करणे चूक. ‘फणसाडला सोडून देऊ’ ही सूचना हमखास येते. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले फणसाड अभयारण्य मूळचे जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान. १९८६ पासून अभयारण्य.  तिकडचे कर्नाळा अभयारण्य तर अवघे बारा चौरस किलोमीटर. या चिमुकल्या रानांत आधीच गर्दी आहे. पाळीव अजगरांतून ‘इन्क्लुजन बॉडी डिसीज’ नावाचा विषाणूजन्य रोग इतर अजगरांत जाऊ शकतो, तोही अंगावरच्या बारीक गोचिडांमार्फत. पाहुणा स्वतः दोन महिन्यांत मेला तरी गोचीड मागे राहते.

हाच नियम काही देशी प्राण्यांनाही लागू. तारका कासव भारतीयच, पण कोरड्या माळरानांचे. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या कोकणात ते सापडले तर तोही कोणाच्या तरी सामानातलाच ऐवज. त्याला भातखाचरात सोडणे म्हणजे सोडवणूक नव्हे.

तेव्हा करायचे काय? लांबून फोटो. गर्दी हटवणे, कुत्री बांधणे. मग महाराष्ट्राच्या वनखात्याचा मोफत क्रमांक १९२६. तोवर कासवाला हवेशीर खोक्यात ओल्या फडक्यावर ठेवता येते, पाण्याने भरलेल्या बादलीत नको, आणि नंतर साबणाने हात धुवायचे. इग्वाना झाडावर असेल तर राहू द्या, तो कुठे पळून मुंबईला जात नाही. साप असेल तर जाणत्यालाच हात लावू द्या, आणि त्यानेही त्याला देशी सापांच्या पिशवीत किंवा बरणीत ठेवू नये. जागा, तारीख, वेळ लिहून ठेवावी. आजूबाजूच्या फार्महाऊसवर, दुकानांत चौकशी करावी. मालक पुष्कळदा हाकेच्या अंतरावर निघतो, आणि पुष्कळदा गप्पही राहतो.

गप्प राहण्याचे कारण कागदपत्रे. २०२० मध्ये केंद्राने सांगितले, ठरलेल्या मुदतीत परदेशी प्राणी स्वतःहून जाहीर करा, कुठून आणला ते विचारणार नाही. बत्तीस हजारांहून जास्त लोक पुढे आले. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीतले परदेशी प्राणीही तिच्या कक्षेत आले. इग्वाना आणि बॉल पायथन दोघेही त्या यादीत आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत नोंदणीचे नियम निघाले.

घेणाऱ्याने वयाचाही हिशेब करून घ्यावा. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातली एक बॉल पायथन मादी घ्या. १९६१ मध्ये तिच्या मालकाने तिला तिथे देऊन टाकले. २०२० मध्ये, बासष्टच्या आसपासच्या वयात, किमान पंधरा वर्षे नराचे तोंड न पाहता तिने सात अंडी घातली.

नव्या नियमांनी प्राण्याचा जन्म, मृत्यू आणि हस्तांतरही कळवावे लागते, ‘परिवेश’ या पोर्टलवर. इग्वानाची मादी एका वेळी वीस ते सत्तर अंडी घालते. पिल्ले निघाली की अर्ज भरायला बसा, आणि रोह्यात त्या दिवशी नेटवर्क असेल तर बरे.